दोन कापांमधली रेघ

काचेवरच्या नक्षीबद्दल मराठीत लिहायची वेळ आली की आपल्या हाताशी एकच विशेषण असते : 'कोरीव'. लेण्यातला खांब कोरीव, देव्हाऱ्याची महिरप कोरीव, आणि दवाखान्याच्या दारावरची दुधी वेलबुट्टीही कोरीवच. हा दोष भाषेचा नाही. ओरखडणे, खोदणे, कोरणे, कातरणे, कापणे अशी एकमेकांपासून नीट वेगळी क्रियापदे मराठीत आहेत. 'लिहिणे' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूचा एक जुना अर्थही ओरखडणे हाच आहे. क्रियापदे होती, कलेविषयी लिहिणाऱ्यांनी ती वापरली नाहीत, कारण काम कोणत्या हत्याराने झाले हा प्रश्न त्यांना आपला वाटला नाही. तो कारागिराचा प्रश्न, आपला प्रश्न आशयाचा, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून टाकली.

काचेवरच्या बारीक रेघेपुरती तरी ही वाटणी टिकत नाही, असे मला म्हणायचे आहे. साचा लावून, म्हणजे स्टेन्सिल वापरून, काच दुधी केली जाते तेव्हा काचेत कोणीच काही कोरत नाही. माणसाचा हात कापतो तो काचेवर चिकटवलेला पापुद्रा : कधी शिशाचा वर्ख, कधी रबर, कधी प्लॅस्टिकची फिल्म. काचेला भिडते ते ॲसिड किंवा वाळू. आणि रेघ म्हटले की 'ओढणे' हे क्रियापद आपसूक येते, तेही इथे लागू पडत नाही. पेन्सिलीची रेघ एका हालचालीत ओढली जाते. साच्यातली रेघ दोन कापांनी तयार होते : एक डावीकडचा, एक उजवीकडचा. त्या दोहोंमधली चिंधी चिमट्याने उचलली की जी मोकळी जागा उरते, ती रेघ. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला दोन्ही काठ असतात, आणि दोन्ही काठ वेगवेगळ्या वेळी कापलेले असतात. पहिला काप घालताना दुसरा अजून अस्तित्वात नसतो. अशी रेघ वाचायची तर तिचा मधला भाग पाहून फारसे काही कळत नाही. तिची टोके पाहावी लागतात, कोपरे पाहावे लागतात, आणि ती दुसऱ्या रेघेला मिळते ती जागा पाहावी लागते.

साच्याचा मूळ कायदा दिवाळीत घरोघर दिसतो. रांगोळीचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे छापे आठवा. त्यांतली कमळाची पाकळी अखंड रेघेची कधीच नसते. भोकांची रांग असते. सौंदर्यदृष्टीने कोणी ते ठरवलेले नाही. पाकळीची बाह्यरेषा अखंड कापली तर आतली पाकळी गळून पडेल. साच्यात जे चारही बाजूंनी कापले जाते ते निसटते. म्हणून दर दोन भोकांमध्ये पत्र्याचा एक दुवा राखावा लागतो. छाप्याच्या रांगोळीला ठिपक्यांचा जो स्वभाव आहे तो या दुव्यांमुळे आहे. हाताने चिमटीतून सोडलेल्या रांगोळीला ही अडचण नाही, त्यामुळे तिची रेघ वाहती असते. दोन्ही शेजारी शेजारी काढल्या तर लहान मूलही फरक सांगेल. काचेच्या बाबतीत मात्र मोठी माणसेही सांगू शकत नाहीत.

* * *

फरक दिसावा म्हणून आधी विरुद्ध टोकाचे उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मोरटन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या खिडक्या दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बॉम्बने उडाल्या. पुढे लॉरेन्स व्हिसलर (१९१२–२०००) याने १९५५पासून जवळजवळ तीन दशके तिथल्या खिडक्या एकेक करून घडवल्या. या खिडक्यांत रंगीत काच नाही. साध्या पारदर्शक काचेवर टोकदार हत्याराने उठवलेले ठिपके आणि ओरखडे, एवढेच साहित्य. व्हिसलर कवीही होता, आणि काचेवर त्याने सुरुवात केली ती अक्षरे आणि कविता उमटवण्यापासून. त्याच्या पद्धतीला जुनी डच परंपरा आहे : अठराव्या शतकात फ्रान्स ग्रीनवूड आणि डेव्हिड वुल्फ यांनी मद्याच्या पेल्यांवर हिऱ्याच्या टोकाने असंख्य बारीक ठिपके देऊन चेहरे उमटवले होते.

ठिपका हे काचेवरचे थेट लेखन आहे. हत्यार काचेला लागते, काच तेवढीच फुटते, हाताचा दाब आणि ठिपक्याची उजळी यांत मध्ये कोणी नसते. व्हिसलरच्या खिडक्यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिणे सोपेही आहे. कारण चित्र आणि कविता यांसाठी तयार असलेली भाषा जशीच्या तशी लागू पडते. कलावंत, त्याचा हात, त्याची रेघ. सही खाली आहेच.

साच्याच्या काचेला अशी सही नसते. तिची भरभराट झाली ती लंडन, लिव्हरपूल, बेलफास्ट अशा शहरांतल्या मद्यगृहांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि मोठ्या आकाराची काच स्वस्त होत गेली. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड त्याआधीच माहीत होते. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७१ साली त्याचा अभ्यास केला होता. काच विरघळवणारे ॲसिड आणि स्वस्त काच एकत्र आल्यावर मद्यगृहांची दारे, आरसे, आडपडदे वेलबुट्टीने भरून गेले. लंडनच्या हॉलबर्न भागातल्या 'प्रिन्सेस लुईस'ची आतली सजावट १८९१ची आहे, लिव्हरपूलचे 'फिलहार्मोनिक' शतक संपता संपता उभे राहिले. ब्लूम्सबरीतल्या 'द लॅम्ब'मध्ये अजून गल्ल्याच्या वर डोळ्यांच्या उंचीला काचेच्या छोट्या फिरत्या झडपा आहेत. त्यांचा उद्देश सरळ होता : प्रतिष्ठित गिऱ्हाइकाला पेला मागवता यावा, पण पलीकडच्या साध्या लोकांना त्याचा चेहरा दिसू नये. उजेड येऊ द्यायचा, नजर अडवायची. आपल्याकडच्या दवाखान्याच्या, वकिलाच्या खोलीच्या दुधी काचेचे कामही तेच आहे. फक्त आपण ते वेलबुट्टीशिवाय भागवतो.

हे काम कसे होई? काचेवर मेणमिश्रित चिकट लेप लावून त्यावर शिशाचा किंवा कथलाचा पातळ वर्ख चिकटवायचा, नक्षी त्यावर उतरवून सुरीने कापायची, नको तो भाग उचलायचा, कडेने मेणाचा बांध घालायचा आणि ॲसिड ओतायचे. दुसरी पद्धत ब्रशची : काळा डांबरी लेप ब्रशने भरून जिथे ॲसिड लागू द्यायचे नाही तो भाग झाकायचा. एकच नक्षी पुष्कळ वेळा हवी असेल तर छापील कागदावरून लेप उतरवण्याचीही रीत होती. उत्तम कामात दुधीपणाच्या तीन छटा मिळवल्या जात. पहिल्या छटेचा काही भाग झाकून उरलेल्याला पुन्हा सौम्य ॲसिड द्यायचे, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी नवे झाकण आणि नवे काठ.

काठ सुरीचा आहे की ब्रशचा, हे आजही ओळखता येते. ब्रशने भरलेल्या पानाचे टोक निमुळते होता होता किंचित गोलावते, कारण लेप द्रव असतो आणि थेंबाला टोक आवडत नाही. सुरीने कापलेले टोक अणकुचीदार असते, आणि घाईच्या कामात त्या अणीच्या पुढे केसासारखी शेपटी दिसते : दुसरा काप थांबायला हवा होता त्याहून जरा पुढे गेलेला, आणि ॲसिड त्या फटीत शिरलेले. मद्यगृहांच्या इतिहासात ही काच 'सजावट' या सदरात एका परिच्छेदात येते : कोणत्या कंपनीने पुरवली, कोणत्या शैलीची आहे. ती शेपटी कोणाची, हा प्रश्न सहसा येत नाही.

* * *

ॲसिडचा हिशेब इथे थोडा मांडायला हवा, कारण तो कळल्याशिवाय बारीक रेघेची किंमत कळत नाही. काचेला दिशा नसते. लाकडासारखे तंतू तिच्यात नाहीत. त्यामुळे ॲसिड जितके खाली जाते तितकेच बाजूलाही खात जाते. साच्यात रेघ ०.३ मिलिमीटर कापली आणि ॲसिड ०.१ मिलिमीटर खोल जाऊ दिले, तर दोन्ही काठांखाली ०.१ खाऊन ती ०.५ची होते. उलट, दोन दुधी पट्ट्यांमध्ये ०.३ची चकचकीत रेघ राखायची असेल तर ती दोन्हीकडून खाल्ली जाऊन ०.१ उरते, थोडा उशीर झाला तर उरतच नाही. म्हणजे कापणारा जे कापतो ते अंतिम रूप नसते. त्याला ॲसिडची भूक आधी धरून रेघ बारीक कापावी लागते, आणि राखायची रेघ जाड ठेवावी लागते. तो मनातल्या नक्षीपेक्षा मुद्दाम चुकीची नक्षी कापतो, बरोबर उमटावी म्हणून.

वाळूचा हिशेब निराळा. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकनाने १८७० साली वाळूच्या झोताचे पेटंट घेतले, आणि ॲसिडच्या जीवघेण्या वाफांशिवाय काच दुधी करता येऊ लागली. (हायड्रोफ्लुओरिक ॲसिड कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जाते. मद्यगृहांची वेलबुट्टी पाहताना हेही आठवावे.) वाळू बाजूला खात नाही. पण साचा जाड असेल तर अरुंद फटीच्या तळाशी कण नीट पोचत नाहीत, आणि साचा पातळ असेल तर झोताने तो स्वतःच उडतो. रबर टिकते याचे कारण ते कडक नाही; कण त्याच्यावर आपटून उसळतात. कडक काच हरते आणि मऊ रबर वाचते. बारीक रेघेसाठी मात्र रबर फार लवचिक : पाते ओढले की तेही ओढले जाते, आणि काप संपल्यावर मागे सरकते.

आता हत्यारे. दिसायला किरकोळ, आणि त्यामुळेच दुर्लक्षित. शस्त्रक्रियेच्या सुरीचे त्रिकोणी टोकाचे अकरा नंबरचे पाते या कामात पुष्कळ वापरतात. पाते आडवे धरले तर त्याची जास्त धार पापुद्र्यात राहते आणि ते नावेच्या कण्यासारखे सरळ चालते. उभे धरले तर फक्त अणी आत असते आणि ते कुठेही वळते, थरथरही लगेच पकडते. सरळ रेघ आणि वळण यांच्यासाठी धरण्याचा कोन बदलतो, हे ज्याच्या बोटांना ठाऊक नाही त्याची वळणे कोपऱ्यांची होतात. कागद कापणारा वळणावर हात फिरवत नाही, कागद फिरवतो. दाराची काच फिरवता येत नाही. तिथे एक तर माणूस स्वतः टेबलाभोवती फिरतो किंवा फिरत्या पात्याची सुरी घेतो : तिचे पाते दांड्यात मोकळे असते आणि ते हाताच्या दिशेमागे आपोआप वळते, हातगाडीच्या पुढच्या चाकासारखे. या सुरीची वळणे लोण्यासारखी येतात. पण अणकुचीदार कोपरा तिला जमत नाही, कारण पाते वळायला थोडी जागा लागते. कोपऱ्यावर ती सूक्ष्म गोलाई ठेवते. तेव्हा वेलीच्या वळणांना गोलाई आणि पानांच्या टोकांना धार असे एकत्र दिसले, तर कापणाऱ्याने दोन हत्यारे वापरली आहेत आणि कुठे कोणते हे त्याला कळत होते.

तिसरे हत्यार जोडपात्याचे. शेजारी शेजारी दोन पाती, मधले अंतर स्क्रूने ठरवायचे. एकाच हालचालीत दोन्ही काठ कापले जातात आणि रेघेची रुंदी कुठेही बदलत नाही. साच्याची सगळी अडचण या हत्याराने सोडवली, असे वाटते. माझे मत उलट आहे. जोडपात्याची रेघ चौकटीला, किनारीला ठीक. वेलीला किंवा अक्षराला ती मारते. रुंदी कुठेच बदलत नसेल तर ती रेघ नसून दोरी असते. दोन वेगळ्या कापांनी केलेल्या रेघेत एक काठ दुसऱ्याला उत्तर देत असतो, जवळ येतो, लांब जातो. रेघेत जीव येतो तो याच अंतरात.

आणि धार. पापुद्रा कापला जावा पण पाते काचेवर घासू नये, इतकाच दाब हवा, आणि तो कोणालाच सतत साधत नाही. काचेला लागले की पाते बोथट होते. बोथट पाते कापत नाही, ढकलते. काठ किंचित उचलला जातो आणि त्याखाली ॲसिड किंवा वाळू शिरते. साच्याच्या कामात धार गेलेली दिसते ती नंतर, सगळे संपल्यावर. यावर ओसाकाच्या योशिओ ओकाडाने १९५६ साली काढलेला उपाय आज प्रत्येक शाळकरी मुलाच्या दप्तरात असतो : टोक बोथट झाले की तेवढा तुकडा मोडून टाकायचा आणि मागचे धारदार टोक पुढे घ्यायचे. छापखान्यात काम करणाऱ्या ओकाडाला ही कल्पना सुचली त्यात चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा होत्या, आणि त्याआधी काच होती. कारागीर काचेच्या तुकड्याच्या धारेने काम करायचे आणि ती गेली की तो पुन्हा फोडून नवी धार काढायचे, हे त्याने पाहिले होते. काचेवरचा साचा कापणारी ही सुरी फुटक्या काचेकडूनच शिकली आहे.

* * *

हस्तकामाच्या समीक्षेवर जॉन रस्किनची सावली अजून आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला रस्किन माहीत असतो तो गांधीजींमुळे, १९०४ सालच्या जोहान्सबर्ग-दरबान प्रवासातल्या त्या पुस्तकामुळे. पण काचेबद्दलचे त्याचे विचार त्याआधीच्या 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' या ग्रंथात आहेत. त्याचा दुसरा खंड १८५३चा. तिथे त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आजची इंग्रजी काच स्वच्छ, आकारात बिनचूक, कापण्यात काटेकोर आहे आणि याचाच आपल्याला संकोच वाटायला हवा. व्हेनिसची जुनी काच गढूळ आणि वेडीवाकडी होती, पण ती करणारा माणूस स्वतंत्र होता. काटेकोरपणा मागितला की माणसाचे यंत्र होते. दिवसभर काचेच्या कांड्या तोडून मणी करणाऱ्या मजुरांचे कंप पावणारे हात त्याने दाखवले, आणि मणी विकत घेणारा गुलामांच्या व्यापारात भागीदार आहे असे सुनावले.

मण्यांबद्दल रस्किन बरोबर होता. पण त्याच्या म्हणण्यातून पुढे जी सोपी कसोटी निघाली, म्हणजे थरथर दिसली की हाताचे काम आणि सफाई दिसली की यंत्राचे, ती साच्याच्या काचेला लावता येत नाही. इथे काटेकोरपणा मालकाने लादलेला नाही, पदार्थाने मागितलेला आहे. काठ डळमळला तर ॲसिड ते डळमळणे दुप्पट करून दाखवते. कापणाऱ्याचे स्वातंत्र्य थरथरीत नसते. पानाचे टोक कुठे संपवायचे, दोन वेली भेटतात तिथे कोणती वर जाऊ द्यायची, ॲसिडसाठी किती सोडायचे, या निर्णयांत ते असते. आपल्याकडच्या प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत 'हाताच्या कामातला गोड ओबडधोबडपणा' अशा धर्तीची वाक्ये वाचली की मला कापणाऱ्याची दया येते. ज्या गोष्टीसाठी त्याने आयुष्यभर हात साधला, ती जमली नाही म्हणून त्याचे कौतुक चाललेले असते.

याच प्रश्नाला जपानने दिलेले उत्तर निराळे आहे. मिए प्रांतातल्या सुझुका शहराच्या परिसरात किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्यासाठी कागदी साचे कापतात. त्यांना कातागामी म्हणतात. हाती केलेल्या कागदाचे थर टेंभुर्णीच्या जातीतल्या एका फळाच्या तुरट रसाने चिकटवून, धूर देऊन हा कागद टिकाऊ करतात. तिथे कापण्याच्या पद्धतींना हत्याराच्या हालचालीवरून नावे आहेत, आणि इथेच मला त्या परंपरेचा हेवा वाटतो. पाते पुढे ढकलत कापणे ही एक पद्धत. पट्टीला लावून आपल्याकडे ओढत पट्टे कापणे ही दुसरी. तिच्यात एकाच कापावरून पाते पुन्हा पुन्हा फिरवावे लागते, आणि ते त्याच वाटेने गेले पाहिजे. अर्धगोल धारेचा दाभण बोटांत फिरवून गोल भोक पाडणे ही तिसरी. फुलाच्या, चौकोनाच्या आकाराची धार असलेले हत्यार दाबून तोच आकार उठवणे ही चौथी. हत्यारे कापणारा स्वतःच घडवतो. म्हणजे ज्याला आपण एका 'कोरीव'मध्ये कोंबतो त्याला तिथे चार क्रियापदे आहेत.

रांगोळीच्या छाप्याची अडचण कातागामीलाही होती. लांब उभे बारीक पट्टे कापले की कागदाच्या सुट्या पट्ट्या डोलू लागतात. दुवा ठेवला तर कापडावर पट्टा तुटलेला दिसतो. उपाय असा : साच्याचे दोन थर वेगळे करायचे, मध्ये रेशमाचे धागे ताणून घालायचे, आणि थर पुन्हा तंतोतंत एकावर एक चिकटवायचे. धागा इतका बारीक की रंग अडवणारी खळ त्याच्या खालून मिळून जाते आणि कापडावर दुव्याचा मागमूस राहत नाही. हे काम बायका करीत. पुढे साच्यावर रेशमी जाळी चिकटवण्याची सोपी रीत आली आणि ही कला मागे पडू लागली. जपान सरकारने १९५५ साली कातागामीच्या वेगवेगळ्या पद्धतींतल्या कारागिरांना राष्ट्रीय सन्मान दिला, त्यांत धागे घालणाऱ्या जोनोकुची मिए या बाईंचे नाव होते. साचा कापणारीही नव्हे. कापलेला साचा विस्कटू नये म्हणून आत धागा घालणारी. तिचे काम अंतिम कापडावर दिसणारच नाही अशीच त्या कामाची अट.

* * *

काचेने हा दुव्याचा प्रश्न एका फटक्यात संपवला. साचा काचेला चिकटलेला असतो, त्यामुळे चारही बाजूंनी कापलेला तुकडाही जागचा हलत नाही. याचा देवनागरीला झालेला फायदा मोठा आहे. शिरोरेषेमुळे आपली कितीतरी अक्षरे बंद होतात : 'प'चे पोट, 'य'चे, 'म'चे, 'स'चे. 'ष'ची तर दोन पोटे. 'व' आणि 'ब' यांच्या गाठी मुळातच बंद. पत्र्याच्या साच्याने पिंपांवर, पोत्यांवर उमटवलेली मराठी अक्षरे पाहा : शिरोरेषा जागोजाग तुटलेली, गाठीला बाजूने पट्टी जोडलेली. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर जो खंड असायचाच, तो या गर्दीत ओळखूच येत नाही. काचेवर शिरोरेषा दाराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड नेता येते. साच्याच्या इतिहासात देवनागरीला पहिल्यांदा तिचे पूर्ण रूप मिळाले ते इथे. आपण त्याचे काय केले?

आज गावोगाव काचेवर डिझाईन काढून देणारी दुकाने आहेत. देवघराच्या दारावर ॐ किंवा गणपती, हॉलमध्ये हंसांची जोडी, दवाखान्याच्या दारावर नाव. फिल्म संगणकाला जोडलेले यंत्र कापते आणि वाळूचा झोत बाकीचे करतो. हाताने कापणे संपत आले म्हणून हळहळण्याचा मोह होतो, पण यंत्र उघडून पाहिले तर आत काय असते? दांड्यात मोकळे फिरणारे, ओढले जाईल तसे वळणारे पाते. फिरत्या पात्याची तीच सुरी. अणी मध्यबिंदूच्या साधारण पाव मिलिमीटर मागे असते, आणि कोपऱ्यावर गोलाई येऊ नये म्हणून यंत्राला ते अंतर आधी सांगावे लागते. सांगितले नाही तर यंत्राचेही कोपरे गोलावतात. यंत्राने हाताची जागा घेतली ती हाताचेच हत्यार घेऊन, त्याच्या गुणांसकट आणि त्याच खोडीसकट. आणि कापल्यानंतर नको तो भाग उचलण्याचे काम अजूनही अणकुचीदार सुई घेतलेला माणूसच करतो. 'व'च्या गाठीतला कण ठेवायचा की काढायचा हे त्यालाच ठरवायचे असते. ठेवलाच तर त्या कणाला चिकटून राहायला जागा इतकी कमी की वाळूच्या झोतात तो पहिल्यांदा उडतो, आणि 'व' आंधळा होतो.

तेव्हा बिघाड कापण्यात नाही. तो त्याच्या आधी होतो, पडद्यावर. दाराची रुंदी भरावी म्हणून नाव आडवे ताणले जाते. ताणल्यावर काने जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते, आणि तिरक्या कापाच्या बोरूने देवनागरीला दिलेला जाड-बारीकपणा उलटापालटा होतो. हाताने कापणाऱ्याला ही चूक करणे अवघड होते. त्याला प्रत्येक काठ स्वतः चालून यावा लागे, आणि जाड कान्याचे दोन काप एकमेकांपासून फार लांब पडले की ते बोटांना कळे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून मराठी अक्षरांना चेहरे दिले, र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा टंक संगणकावर आणला. त्यांच्या अक्षरांविषयी आपल्याकडे आदराने बोलले जाते. पण अक्षर रेखणे आणि अक्षर कापणे यांत फरक आहे, आणि कापलेल्या अक्षराची पारख करणारी चार वाक्येही सहज सापडत नाहीत. कान्याच्या आणि शिरोरेषेच्या आतल्या कोपऱ्यात काप संपवायचा नसतो, तिथून सुरू करायचा असतो. अणी कोपऱ्यात टेकवायची आणि बाहेर ओढायची, म्हणजे राखलेल्या भागात शेपटी जात नाही. इतकी साधी गोष्ट माहीत असेल तरी दारावरचे नाव पाहून कापणाऱ्याबद्दल काही बोलता येईल.

जुन्या इमारतींत अजून हाताने कापलेल्या पाट्या असतील त्यांचे अनुस्वार पाहावेत. तीन-चार मिलिमीटरचे वर्तुळ सुरीने कापता येत नाही. धार लावलेली नळी बोटांत फिरवली तरच टिंब गोल येते. ती नसली तर सहा-सात छोटे सरळ काप घालून टिंब उरकले जाते, आणि उजेडात त्याचे कोपरे मोजता येतात. त्याहून अवघड 'डॉ.'वरचा चंद्र. त्याच्या वरच्या आणि खालच्या कमानी वेगवेगळ्या वर्तुळांच्या. दोन्ही टोकांना त्या एकमेकींकडे येत जातात आणि मिळतात तिथे रुंदी शून्य होते. तिथे फिल्मची चिंधी इतकी निमुळती असते की चिमट्याने उचलताना तिचे टोक तुटून काचेवरच राहते, आणि चंद्र बोथट उमटतो. दोन्ही टोके शाबूत असलेला चंद्र ज्या दारावर दिसेल तिथे तो बाहेरून पाहावा, आतला दिवा लागलेला असताना.